बाबांचा व्हिडिओ काढून टाकला

आज डोकं लय तापलंय. लिहून टाकतो, कोणाला लागलं तर लागो.

काल तालुक्याला कोणीतरी 'सोशल मीडियावर स्वतःचा ब्रँड' शिकवायला आलं होतं. माझा पुतण्या ९९९ रुपये भरून गेला. घरी आल्या आल्या त्यानं आपल्या यूट्यूब चॅनलवरून आजोबांचा बोर्डो पेस्टचा (झाडाला रोग लागू नये म्हणून खोडाला लावायचा लेप) व्हिडिओ डिलीट केला. का, तर भाषा गावंढळ, मागे गोठा दिसतो. "प्रोफेशनल वाटत नाही, काका." चॅनलला मित्राचा कोट घालून काढलेला फोटो लावला.

अरे, तुझं चॅनल म्हणजे तो व्हिडिओच होता!

गेल्या वर्षी पावसाच्या आधी संत्र्याच्या खोडांना पेस्ट लावायची होती. बाबा गोठ्याजवळ प्लास्टिकच्या ड्रमात काठीनं ढवळत होते. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. पोरानं सहज मोबाईल धरला. बाबांनी ड्रमात इया (विळा) बुडवला, काढला, पात्यावर बोट टेकवलं. "हे पाय, लाल चढलं. म्हंजे चुना कमी हाय. अजून टाक." बस, दीड मिनिटाचा व्हिडिओ.

डिंक्यानं (खोडातून डिंक गळायचा रोग) झाड जातं तेव्हा काय वाटतं, हे आमच्या वरुड-मोर्शीकडच्या माणसाला सांगायला नको. काटोलचे, परतवाड्याचे शेतकरी व्हिडिओखाली विचारायचे, किती उंच लावायची, लोखंडी बादली चालते का. पोरगा रात्री बाबांच्या खाटेवर बसून विचारायचा आणि एकेकाला उत्तर लिहायचा. जमिनीपासून मीटरभर. लोखंडी भांडं अजिबात नको. बाजारात लोक त्याला 'बोर्डोवाला' म्हणून हाका मारायला लागले होते. याला ओळख नाही म्हणत तर कशाला म्हणतात?

आवाज नीट यावा, उजेड तोंडावर असावा, नेमानं टाकत राहावं, हे त्या सरांचं बरोबर. जाहिरातींच्या पैशात वाटा मिळायला १,००० सबस्क्राइबर आणि वर्षात ४,००० तास पाहिलं जावं लागतं, तेही मान्य. पण भाषा बदला, हे कोणत्या हिशेबानं? आपलं 'काऊन' (का) ऐकून हसणारा माणूस खोडाला पेस्ट लावायला येणार आहे का? २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा नुसत्या नाचावर जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेलेले आपण पाहिलेत.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. पोरगं २१ वर्षांचं आहे. नोकरीसाठी कोणी नाव शोधलं तर गोठा दिसेल, ही त्याची भीती खरी आहे. मी पुण्याला होतो तेव्हा घरचा फोन आला की खोलीबाहेर जाऊन बोलायचो, सोबतच्या पोरांना वऱ्हाडी ऐकू जाऊ नये म्हणून. त्याला मी काय बोलू?

पण आज सकाळी बाबांनी विचारलं, "माहा इडिओ दिसत नाही बा." आम्ही दोघंही गप्प बसलो. ते परत चहा प्यायला लागले.

व्हिडिओसोबत खालचे सगळे प्रश्न, पोरानं लिहिलेली उत्तरं, सगळं गेलं. फोनात जागा नाही म्हणून मूळ फाइल त्यानं आधीच उडवली होती. पण तेव्हा ती बागवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली होती. कोणाच्या फोनात असेल तर मला पाठवा, भाऊ. आवाज काढून त्यावर गाणं लावलेला नको, बाबा बोलतात तोच पाहिजे.