फोन रिमोटसाठी आहे

अमेरिकेत कुठलीही वस्तू घेतली की तिच्याबरोबर एक रिमोट येतो, आणि पुढे ती वस्तू बिघडून फेकून दिली तरी रिमोट घरातच राहतो. 2000 साली न्यू जर्सीतल्या एडिसन गावी आमच्या अपार्टमेंटमध्ये टीव्हीचा, केबलच्या डब्याचा आणि स्टिरिओचा असे रिमोट कॉफी टेबलावर पसरलेले असायचे. शिवाय एक कशाचा आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तो फेकायची कोणाची छाती होत नव्हती. नव्हता तो फक्त व्हीसीआरचा, म्हणजे टीव्हीवर कॅसेट दाखवणाऱ्या यंत्राचा. नेमका तोच हवा होता.

हा व्हीसीआर साधा नव्हता, मल्टिसिस्टिम होता. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी यायचे तेव्हा बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये नाटकांच्या आणि लग्नांच्या कॅसेट असायच्या. त्या सगळ्या भारतातल्या टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीच्या : 625 रेघा, सेकंदाला 25 चित्रं. अमेरिकेचा कारभार एनटीएससीचा : 525 रेघा, सेकंदाला 30 चित्रं. इथल्या व्हीसीआरमध्ये ती कॅसेट घातली की चुलतबहिणीच्या लग्नातली अख्खी पंगत काळ्या-पांढऱ्या पट्ट्या होऊन वर सरकत जाई. म्हणून लोक न्यूयॉर्कला जॅक्सन हाइट्सच्या चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर जाऊन दोन्ही पद्धतींचा, 110 आणि 220 दोन्ही व्होल्टवर चालणारा व्हीसीआर आणायचे. त्याच दुकानात मिक्सरही मिळायचा, त्यामुळे फेरी फुकट जात नसे.

आमच्या व्हीसीआरच्या तोंडावर बटणं मोजकीच होती. पालवरून एनटीएससीवर जायचं तर रिमोट लागायचा. आणि तो रिमोट, आमचा सगळ्यांचा संशय असा, की रविवारच्या पेपराबरोबर रिसायकलिंगला गेला. इथला रविवारचा पेपर उचलायला तेव्हा दोन हात लागायचे. बाबा त्याचा गठ्ठा करून भारतातून आणलेल्या सुतळीने आवळून बांधायचे. त्या गठ्ठ्यात रिमोटच काय, टोस्टर गेला असता तरी कळलं नसतं. पुरावा काही नव्हता, आणि बाबा हे बाबा असल्यामुळे चौकशी तिथेच थांबली.

मग आला युनिव्हर्सल रिमोट. खोक्यावर लिहिलं होतं की हा सगळ्या कंपन्यांची सगळी यंत्रं चालवतो. सोबत कोडची पुस्तिका. प्रत्येक यंत्र आपापली बोली बोलतं, त्याला इलाज नाही. रिमोटच्या नाकातला दिवा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकवतो, आणि त्या लुकलुकण्याचे लांब-आखूड तुकडे पाडून ‘आवाज वाढव’, ‘बंद हो’ वगैरे निरोप धाडतो. पण एका कंपनीचं ‘बंद हो’ दुसरीला कळत नाही. पुस्तिकेत आमच्या व्हीसीआरच्या कंपनीपुढे अर्धी ओळ कोड होते. एकही लागला नाही.

उरला कोड सर्च. ही एक प्रकारची जपमाळ आहे. व्हीसीआर चालू करायचा, रिमोट त्याच्याकडे रोखायचा आणि पॉवरचं बटण दाबायचं. दर दाबण्याला रिमोट पुढचा कोड पाठवतो. कधीतरी व्हीसीआर बंद पडेल, पडला की थांबायचं. कोड काही शे. हे काम बाबांनी घेतलं. खुर्ची टीव्हीसमोर ओढून, चष्मा लावून ते दाबत बसले. पहिल्या पन्नासात माणूस प्रत्येक वेळी थांबून बघतो. शंभराच्या पुढे अंगठ्याला लय सापडते आणि डोळे मिटू लागतात. मध्येच टीव्ही बंद झाला. केबलचा डबा चालू झाला. स्टिरिओतून एकदम हवामानाचा अंदाज सुरू झाला. व्हीसीआर मात्र ढिम्म. यादी संपल्याचं रिमोटने एक लांब उघडझाप करून कळवलं, तेव्हा बाबा म्हणाले, “हा माणूस असता तर मी त्याचं इन्क्रिमेंट थांबवलं असतं.”

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं की, तुमच्या यंत्राचा कोड रिमोटमध्ये नसेल तर आम्हाला फोन करा, आम्ही तो फोनवरून रिमोटमध्ये भरू.

हे वाचून बाबा ताठ बसले. बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. आयुष्य एक्स्चेंजमध्ये गेलं. “फोनच्या तारेतून तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ जातं,” ते म्हणाले. “तुझा हा दिवा अडतीस हजारांचा. जाणारच नाही.” मी म्हटलं, दिव्याचं लुकलुकणं ते पाठवत नसतील, ते कसं करायचं याची कृती पाठवत असतील. फोनवरून इंटरनेट जोडणाऱ्या मॉडेमसारखे किरकिरे सूर येतील, रिमोट ते ऐकून आकडे लिहून घेईल आणि मग लुकलुकेल स्वतःच. बाबांनी विचार केला. “म्हणजे याला कान आहे?” मी रिमोट उलटा करून मागची खूण दाखवली. त्यावर त्यांनी बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे आदराने पाहिलं.

रिमोटने आवाजाशी सोयरीक जुळवावी यात तसं नवं काही नव्हतं. टीव्ही बनवणाऱ्या झेनिथ कंपनीसाठी रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी 1956 साली काढलेला ‘स्पेस कमांड’ हा रिमोट आवाजावरच चालायचा. आत अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या, बटण दाबलं की हातोडी कांडीवर बसायची आणि माणसाला ऐकू न येणारा सूर निघायचा. बॅटरीसुद्धा नाही. फक्त घरात कोणी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला की कधीकधी टीव्ही आपोआप चॅनेल बदलायचा. आमच्या आईच्या कमरेला जुडगा असतो. त्या काळात आम्ही इथे नव्हतो हे बरं.

हेल्पलाइनवरच्या बाई अतिशय गोड होत्या. व्हीसीआरचा मॉडेल नंबर त्यांनी विचारला. तो मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून चिकटवलेला. बायकोने टॉर्च धरला, मी जमिनीवर गाल टेकून आकडे वाचले. कोड सापडला. मग बाईंनी विचारलं, “सर, तुम्ही कॉर्डलेसवरून बोलताय का?” कॉर्डलेस चालणार नव्हता. त्याची खरखर रिमोटला सहन होत नाही म्हणे. तारेचाच फोन हवा.

घरात तारेचा फोन एकच, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा, वेटोळ्या वायरचा. आणि तिथे संध्याकाळी सहाला आई असते.

“अगं, अर्धा मिनिट गॅस बंद कर,” बाबा म्हणाले.

“तेल तापलंय. तुमचं चालू द्या, माझं चालू द्या.”

सेटअपचं बटण दाबून धरायचं, दिवा दोनदा लुकलुकला की रिसीव्हरचा ऐकायचा भाग रिमोटच्या पाठीवर टेकवायचा आणि कोणी काही बोलायचं नाही. ही शेवटची अट घालणाऱ्याने मराठी घर पाहिलेलं नव्हतं. मी रिसीव्हर टेकवला. आतून बारीक किरकिर सुरू झाली. मुलगी म्हणाली, “आजोबा, तो रडतोय.” आई म्हणाली, “कोण रडतंय?” बाबा म्हणाले, “शू!” आणि त्याच क्षणी आईने तेलात मोहरी, मिरच्या आणि कढीपत्ता टाकला.

अमेरिकन स्मोक अलार्मला आग आणि फोडणी यांतला फरक कळत नाही. तो किंचाळायला लागला. बायको टॉवेल घेऊन खुर्चीवर चढली, आई पदराने वारा घालू लागली, मुलगी कानावर हात ठेवून आणि तोंड उघडं ठेवून उभी राहिली. रिसीव्हर कानाला लावला तर बाई विचारत होत्या, “सर, सगळे सुखरूप आहेत ना? मी फायर डिपार्टमेंटला कळवू का?” मी म्हटलं, स्वयंपाक चाललाय. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

रिमोटने अर्थातच काही घेतलं नव्हतं. अलार्मची बॅटरी काढली, आमटी उतरली, पुन्हा किरकिर सुरू झाली. सगळे श्वास रोखून. शेवटी शेवटी मध्येच टक्कन आवाज झाला : कॉल वेटिंग. मंडळातून फोन, गणपतीत मुलीचा नाच बसवायचा का. रिमोट पुन्हा कोरा. मग बाबांनीच विचारलं, “हे कॉल वेटिंग बंद करायला तुमच्याकडे काही कोड असेल ना? आमच्या एक्स्चेंजला असता.” होता. आधी स्टार सत्तर फिरवला की तेवढ्या कॉलपुरतं ते बंद. हे मला माहीत असायची काही गरज नव्हती, असं बायको माझ्या वतीने म्हणाली.

आता बाबांनी सूत्रं हातात घेतली. स्टार सत्तर फिरवून बाईंना पुन्हा गाठलं. मुलीला शेजारी पाठवलं. आईला हॉलमध्ये बसवलं आणि हातात निवडायला मेथी दिली. स्वतः आपला टेपरेकॉर्डर आणून रिसीव्हरजवळ ठेवला आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

“बाबा, हे कशाला?”

“आवाजच आहे ना? मग टेप होतो. पुण्याला आपल्या व्हीसीआरचाही रिमोट असाच खलास आहे. हा टोल-फ्री नंबर तिथून लागायचा नाही. असा एक रिमोट नेतो आणि तिथे कॅसेट ऐकवतो.”

मी काही बोललो नाही, कारण बोलायची बंदी होती. दिवा दोनदा लुकलुकला. बाईंनी विचारलं, घेतलं का? मी हॉलमध्ये धावलो, प्ले दाबलं, आणि चुलतबहिणीची पंगत रंगीत होऊन जेवायला बसली.

पुढे काही वर्षांनी वाचलं की अमेरिकेतल्या हौशी लोकांनी हेच केलं. त्या सुरांच्या फायली बनवून ते रिमोट कॉम्प्युटरच्या स्पीकरपाशी धरायचे, आणि काम व्हायचं. बाबांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही.

त्यांची कॅसेट मात्र पुण्याला कामी आली नाही, कारण तिथला व्हीसीआर वेगळ्याच कंपनीचा निघाला. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘रिमोट. पुसू नये’ असं लिहिलेलं होतं, पण ते लेबल दमट हवेत गळून पडलं. श्रावणात सत्यनारायणाला सनईची म्हणून आईने तीच लावली. घरभर किरकिर सुरू झाली. गुरुजींनी पळी ताम्हनात ठेवली आणि बाबांना विचारलं, “इंटरनेट घेतलंत वाटतं? महिन्याचं बिल किती येतं?”