सयाजीराव हेडने जिंकला

गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड येऊन आदळला. "१९४७ साली मराठा राजाच्या घोड्याने गोऱ्यांना त्यांच्याच मैदानात धूळ चारली!" खाली भगवे झेंडे. हा मराठा राजा म्हणजे बडोद्याचे गायकवाड महाराज. आमच्या बडोद्याचा विषय आणि मी गप्प बसायचं, हे जमणार नाही. तेव्हा मंडळी, जरा लांबण लागेल.

शर्यतीचं नाव सेंट लेजर. इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या डॉनकास्टरला दर सप्टेंबरात होते. धावायचं फक्त तीन वर्षांच्या घोड्याघोडींनी, म्हणजे जनावराला आयुष्यात एकच संधी. डर्बीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण डर्बी १७८० ची आणि ही १७७६ ची. पहिल्या दोन वर्षांत शर्यतीला नावही नव्हतं. १७७८ साली लॉर्ड रॉकिंगहॅमने, जो एकदा पंतप्रधान होऊन गेला होता आणि पुढे पुन्हा झाला, डॉनकास्टरच्या एका खानावळीत पंगत दिली. ही कल्पना ज्याची, त्या अँथनी सेंट लेजर या फौजी माणसाचं नाव शर्यतीला द्यायचं, हे तिथे ठरलं. गंमत म्हणजे १७७६ ची पहिली शर्यत रॉकिंगहॅमच्या घोडीने मारली होती आणि सेंट लेजरची घोडी दुसरी आली होती. शर्यत एकाने जिंकली, नाव दुसऱ्याचं राहिलं.

अंतर पावणेदोन मैलांहून थोडं जास्त. डर्बी दीड मैलाची. हा वरचा पाव मैलच घोड्याचा जीव काढतो. टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणारा शेवटचा घोडा निजिन्स्की, १९७० सालचा. तेव्हापासून कुणाला जमलेलं नाही. आता पैदास करणाऱ्यांनाच लांब पल्ल्याचे घोडे नकोसे झालेत, त्यामुळे डर्बी जिंकलेला घोडा इथे क्वचितच उतरतो. मला तरी हा करंटेपणा वाटतो.

आता आपला घोडा. १९४५ साली बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी न्यूमार्केटच्या लिलावात एक वर्षाचं शिंगरू घेतलं. बाप निअर्को, आणि सख्खा भाऊ दांते, त्याच वर्षीचा डर्बी विजेता. बोली गेली २८,००० गिनींवर, गिनी म्हणजे पौंडाहून जराशी मोठी रक्कम. ब्रिटनमध्ये तोवर एका वर्षाच्या शिंगराला एवढी किंमत कधी आली नव्हती. आणि महाराजांनी त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. स्वतःच्या आजोबांचं!

बडोद्याला गेलेल्यांना सयाजीबागेच्या दारातला काळा घोडा आठवत असेल. थोरले महाराज घोड्यावर बसलेत, असा पुतळा. लहानपणी दांडिया बाजारातून बागेत जायचो तेव्हा मी त्या घोड्याच्या पोटाखालून वर बघत असे. तो सयाजीराव घोड्यावर, आणि हा सयाजीराव म्हणजेच घोडा. आमचे आजोबा बडोदे सरकारच्या शिक्षणखात्यात कारकून होते. आत्या सांगते, घोड्याचं नाव कळल्यावर ते दोन दिवस तणतणत होते. "थोरल्या महाराजांचं नाव द्यायचं, आणि वर पाठीवर ऑस्ट्रेलियन बसवायचा!"

जॉकी खरंच ऑस्ट्रेलियन होता, एडगर ब्रिट. १९४७ च्या डर्बीत सयाजीराव तिसरा आला. मग आयर्लंडची डर्बी त्याने मारली. आणि सप्टेंबरात डॉनकास्टरला फ्रान्सचा आर्बार त्याच्या अगदी अंगाला अंग लावून आला, तरी सयाजीराव हेडने जिंकला. हेडने म्हणजे घोड्याच्या मुंडक्याएवढ्या फरकाने. भारत स्वतंत्र होऊन महिनाही उलटला नव्हता.

आता त्या झेंड्यांकडे येतो. कुणी कुणाला धूळ चारली? घोडा इंग्रजाने पैदा केलेला, ट्रेनर सॅम आर्मस्ट्राँग इंग्रज, तबेला न्यूमार्केटचा, आणि मागे पडला तो फ्रेंच. यात आपलं काय होतं? नाव आणि पैसे.

त्या पैशांचा हिशेब मी एकदा वहीच्या मागच्या पानावर केला. २८,००० गिनी म्हणजे २९,४०० पौंड. थोरल्या सयाजीरावांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात जायला शिष्यवृत्ती दिली, ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षं. एकूण ४१४ पौंड. भागाकार केला तर उत्तर ७१ येतं. मधे दोन महायुद्धं गेली, पौंड उतरला, हे मान्य. निम्मे धरा, पाव धरा. तरी एका शिंगराच्या किमतीत किती पोरं परदेशी शिकून आली असती, ते बघा. आणि हा पैसा मूळचा अमरेली-मेहसाण्याच्या शेतकऱ्याचा.

नातवाला नुसता उधळ्या म्हणून मोकळं होणंही मला पटत नाही. १९४९ साली बडोद्याचं विद्यापीठ उभं राहिलं ते याच प्रतापसिंहरावांच्या हातून, आणि त्यालाही नाव आजोबांचंच. मी तिथेच शिकलो. ज्या माणसाने घोड्याला सयाजीराव म्हटलं, त्यानेच माझ्या डिग्रीच्या कागदावरही सयाजीराव आणला. त्याला बहुधा दोन्हींत सारखाच अभिमान वाटत असावा. त्याच वर्षी बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९५१ मध्ये सरकारने त्यांना महाराजपदावरून दूर केलं.

घोडा मात्र आयर्लंडात पैदाशीला लागला. १९६४ ची सेंट लेजर जिंकली इंडियाना नावाच्या घोड्याने, आणि त्याचा बाप सयाजीराव. ही बातमी कुणीतरी आजोबांना येऊन सांगितली. तोवर ते निवृत्त होऊन ओट्यावर सुपारी कातरत बसायचे. आत्या म्हणते, त्यांनी अडकित्ता थांबवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे गादी चालू आहे तर."