‘निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह’? नाही हो!

काढलेली गाठ लॅबला कशी पाठवावी यावरच्या माझ्या लेखावर ‘रोखठोक’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, कोणीही वाचावी. थोडक्यात तक्रार अशी: नमुन्याच्या बाटलीत फॉर्मालिन (पेशी सडू न देणारं रसायन) किती यावर पानभर लिहून मी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटना घाबरवते, ‘रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह’, पुढच्या तपासण्यांचा खर्च कोण देणार, आणि ‘गूगलवरून उचलेगिरी करून डॉक्टरांना अक्कल शिकवू नका, मॅडम’.

‘मॅडम’ म्हणायचं आणि त्याच वाक्यात चोर ठरवायचं, ही तुमच्याकडची रीत असेल. ग्रॉसिंगच्या, म्हणजे लॅबमध्ये नमुने कापून पाहण्याच्या, टेबलाशी उभं राहून जिची सगळी नोकरी झाली तिला हे ऐकवताना निदान खरं नाव तरी लिहायचं होतंत. लेखाचं शीर्षक भडक होतं, हे मान्य. ते बदललं आहे.

आता ते ‘निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह’. काढलेला स्तन अख्खाच्या अख्खा बरणीत कोंबून झाकण लावलं की काय होतं, पाहिलंय कधी? फॉर्मालिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं. वरची कातडी घट्ट होते आणि आत गाठ सडत राहते. दुसऱ्या दिवशी सुरी घातली की मधला भाग लिबलिबीत लागतो. तिथल्या पेशींमधला ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन हे संप्रेरक पकडणारा रिसेप्टर, टिकलेलाच नसेल तर त्यावर रंग कुठून चढणार? रिपोर्टमध्ये येतं ‘ईआर निगेटिव्ह’. अशा बाईला टॅमॉक्सिफेन, म्हणजे इस्ट्रोजेनला अडवणारं औषध, मिळत नाही. ज्यांच्या गाठीत ईआर असतो त्यांनी ही रोजची गोळी पाच वर्षं घेतली की या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. बाटलीवर पानभर का लिहिलं, ते कळलं?

म्हणून नमुना तासाभरात फॉर्मालिनमध्ये जायला हवा. लॅब परगावी असेल तर सर्जनने टाके घालून दिशा दाखवाव्यात आणि मागच्या बाजूने गाठीपर्यंत छेद द्यावा. लॅबमध्ये कडांना शाई लावून 5 ते 10 मिलिमीटरचे काप करायचे, कापांमध्ये गॉझ ठेवायचा. फॉर्मालिन नमुन्याच्या दहापट, मुदत किमान 6 आणि कमाल 72 तास. तेही बफर घातलेलं: बाजारचं फॉर्मालिन 100 मिली, पाणी 900 मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट 4 ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट 6.5 ग्रॅम. नुसतं पाणी घालून पातळ केलेलं आम्लधर्मी होत जातं. सलाइनमध्ये पाठवणारे महाभागही आहेत. त्यात काहीच फिक्स होत नाही, म्हणजे पेशी जशाच्या तशा टिकत नाहीत, नमुना फक्त ओला राहतो.

आणि खोटा निगेटिव्ह ओळखताही येतो. गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिकांमध्ये काही पेशी ईआरला रंग घेतातच. स्लाइडवर त्यासुद्धा कोऱ्या दिसल्या तर दोष तपासणीत आहे, असल्या निगेटिव्हवर सही करायची नसते. हे गूगलवर सापडलं तर मलाही लिंक पाठवा.

खर्चाचं भांडवल करू नका. फिश ही जनुकाच्या प्रती मोजणारी महागडी तपासणी हर-टू (गाठीतलं दुसरं एक प्रथिन, रंगावरून 0 ते 3+ असं मोजतात) 2+ आला तरच लागते. 0, 1+ आणि 3+ ला नाही. लेखात हे दुसऱ्याच परिच्छेदात आहे, पण तिथवर वाचायला हवं ना! घाबरवण्याचा आरोप तर उत्तर देण्याच्या लायकीचा नाही.

बाकी ज्या वाचकांनी ‘आमचा रिपोर्ट बरोबर आहे का’ असं विचारलंय त्यांच्यासाठी: रिपोर्टमध्ये फिक्सेशनची वेळ आणि ‘इंटर्नल कंट्रोल’चा, म्हणजे त्या निरोगी नलिकांनी रंग घेतला का याचा, उल्लेख शोधा. नसेल तर लॅबकडून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) मागून घ्या, तो वर्षानुवर्षं टिकतो. ऑपरेशनआधी कोअर बायोप्सी झाली असेल तर तिचाही ब्लॉक मागा. सुईने काढलेला बारीक तुकडा फॉर्मालिनमध्ये आरपार भिजतो, त्यामुळे ईआर पुन्हा करायचा तर आधी त्याच्यावर करून बघायला सांगा.