निम्मे-निम्मे खरं, पण कुठले निम्मे?

काका, (सत्तरीचे आहात असं लिहिलंयत म्हणून काकाच म्हणते) तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की मी लिहिलं तसे निम्मे जीन्स आईचे निम्मे बाबांचे, तर तुम्ही चार सख्खी भावंडं एकसारखी का नाही, धाकटाच तेवढा घारा कसा, म्हणजे एकतर माझं निम्मं-निम्मं चूक नाहीतर फरक हा निसर्गाचा बिघाड.

निम्मं बरोबरच आहे, पण 'कुठलं निम्मं' हे मी लिहायला हवं होतं. बाबांकडे क्रोमोसोमच्या (म्हणजे जीन्स ज्यांवर असतात त्या गुणसूत्रांच्या) 23 जोड्या, प्रत्येक जोडीतला एक आजोबांकडून आलेला, एक आजीकडून. मुलाला त्यातला एकच मिळतो, कुठला ते दर जोडीला नाणं उडवल्यासारखं. 23 वेळा उडवा, शक्यता होतात 83,88,608. चौऱ्यांशी लक्ष योनी म्हणतो ना आपण, जवळपास तेवढ्या, आणि या एकट्या बाबांच्या! आईच्याही तेवढ्याच, गुणाकार केलात तर 70 लाख कोटींच्या वर जातो. त्यात जोडीतले दोघं वेगळे होण्याआधी आपसात तुकडे बदलून घेतात, ते वेगळंच.

आता बिघाड म्हणालात त्याबद्दल, कारण ते मला खरंच लागलं. कोथरूडच्या घरामागे आईने हापूसची कोय लावली होती. कित्येक वर्षांनी फळ धरलं, वरून छान केशरी, सुरी घातली तर सगळ्या रेषा आणि आंबट. आई खट्टू झाली, पण कोयीत निम्मं हापूसचं आणि निम्मं कुठल्यातरी दुसऱ्या झाडाच्या परागाचं, हापूस येणार कसा? म्हणून तर कलम बांधतात, तिथे जीन्स जसेच्या तसे. पण मग दोषही जसाच्या तसा. वरून पिवळाधमक आंबा कापला की आत पांढरट स्पंजासारखा गर, तो साका पेटीत किती निघतो ते तुम्हाला माहितीये. त्यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1981 साली रत्ना नावाचा आंबा आणला, त्याला साका होत नाही, आणि तो आला कुठून तर नीलम आणि हापूसच्या संकरातून. म्हणजे ज्याला तुम्ही बिघाड म्हणताय त्या सरमिसळीतूनच.

घाऱ्या डोळ्यांचं राहिलं. डोळ्यांच्या रंगात बरेच जीन्स असतात, पण मुख्य भाग असा की घारेपणा आईबाबा दोघांकडे झाकलेला असू शकतो, काळ्या डोळ्यांखाली दिसत नाही, आणि ज्या मुलाला दोघांकडूनही तोच मिळाला त्याच्यात तो वर येतो. तुमच्या आजी-पणजीत कुणाचे डोळे घारे होते का, जुनं कुणी असेल घरात तर विचारून बघा ना.