ऊर्जा ‘उसनी’ मिळत नाही

‘ऊर्जा-काल अनिश्चिततेमुळे क्षणभर ऊर्जा उसनी घेता येते, तेवढ्यापुरता ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडतो’ असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. बंदिस्त व्यवस्थेत वेगवेगळ्या ऊर्जांच्या शक्यता काळानुसार बदलतच नाहीत, मग उसनवारी कुठली?

घोळ होतो तो अनिश्चिततेच्या सूत्रातल्या काळामुळे. (सूत्र सांगतं: ऊर्जेतली अनिश्चितता आणि काळ यांचा गुणाकार एका ठरावीक मर्यादेखाली जात नाही.) क्वांटम सिद्धांतात स्थान आणि संवेग या मोजायच्या राशी; काळ मात्र नुसता प्राचल, म्हणजे बाहेरून दिलेला आकडा. मांडेलश्टाम आणि टाम या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये त्या काळाचा नेमका अर्थ लावला: व्यवस्थेतली एखादी राशी लक्षणीय बदलायला लागणारा वेळ. मोजमापाला लागणारा वेळ नव्हे. (ऊर्जा झटपट आणि तरीही अचूक मोजायला तत्त्वतः आडकाठी नाही, हे अहारोनोव आणि बोम यांनी १९६१ मध्ये दाखवलं. ते फारसं कुणी सांगत नाही.)

सूत्र खरं कामाला येतं अल्पायुषी कणांसाठी. झेड बोसॉन हा असाच एक मूलकण. कोणत्या ऊर्जेला तो किती वेळा निर्माण होतो, याच्या आलेखातल्या शिखराची रुंदी सुमारे २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं एकक). प्लांकच्या स्थिरांकाला २π ने आणि मग या रुंदीने भागलं की सरासरी आयुष्य निघतं: साधारण २.६ × १०⁻²⁵ सेकंद. एवढा वेळ थेट मोजणारं घड्याळ नाही. तो रुंदीवरूनच कळतो.