शिपायांची ‘प्रेमपत्रं’ पुढे पाठवण्याआधी

‘पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांनी गोऱ्या मुलींना स्वतःच्या हातानं लिहिलेली हजारो प्रेमपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या काळात वर्णभेद उरलाच नव्हता,’ असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे.

‘स्वतःच्या हातानं’ इथेच पहिली चूक. बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हतं. पलटणीतला एखादा शिकलेला सोबती ऐकून लिहून द्यायचा आणि गावी ते पत्र चारचौघांत वाचलं जायचं. निघताना ते आधी पलटणीतला अधिकारी पाहायचा, मग फ्रान्समधल्या बुलोन शहरातलं सेन्सॉर कार्यालय. तिथे एव्हलिन हॉवेल या सनदी अधिकाऱ्याच्या हाताखाली निवडक पत्रांतले उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडले जात. मूळ पत्र बहुधा पत्त्यावर रवाना होई. लायब्ररीत आहेत ते हे अहवाल. उताऱ्यावर कोणी, कोणाला, कुठून, तारीख, मूळ भाषा, आणि खाली इंग्रजी मजकूर. शिपायाचं अक्षर त्यात शोधायला जाऊ नका.

‘मुलींना’ हेही खरं नाही. बहुतेक पत्रं बापाला, भावाला, दोस्ताला आहेत. बायकांचा विषय दोस्तांच्या पत्रांत येतो, पुष्कळदा बढाईच्या सुरात आणि सेन्सॉरला चुकवायला ‘फळं’ म्हणून. (काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे, हीही त्यातलीच युक्ती.) खरी माया दिसते ती वेगळ्याच ठिकाणी. जानेवारी १९१६ च्या एका पत्रात तीन महिने कपडे धुणारी, अंथरूण घालणारी फ्रेंच म्हातारी आहे. निरोपाला ती शिपायाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि वाटखर्चाला पाच फ्रँकची नोट त्याच्या हातात कोंबली. हे पत्र कुणी पुढे पाठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वर्णभेद तर हुकमानं लादलेला होता. जखमी हिंदी सैनिकाशेजारी उभ्या इंग्रज परिचारिकेचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला आणि १९१५ मध्ये हिंदी जखमींच्या इस्पितळांतून परिचारिका काढून घेण्याचा हुकूम निघाला. इंग्लंडमधल्या ब्रायटनला हिंदी जखमींसाठी असलेल्या किचनर इस्पितळाभोवती काटेरी तारा आणि पहारा होता. या कोंडवाड्याच्या संतापात गोडबोले नावाच्या सब-असिस्टंट सर्जननं तिथल्या प्रमुखावर, कर्नल सेटनवर, गोळी झाडायचा प्रयत्न केला.

लग्नं झाली, पण मोजकी, आणि १९१७ च्या सुमारास फ्रान्समध्ये मागे राहिलेल्या घोडदळातल्या स्वारांची. त्यातल्या एकानं घरचा राग टाळायला कळवलं, की हे लग्न बादशहाच्या हुकमानं करावं लागलं.