बिलाला नंबर कशाला पायजे?

कोल्हापुरात राजारामपुरीत शर्ट घ्या, महाद्वार रोडला चप्पल घ्या, खिशातनं पैसे काढायच्या आधी काउंटरवरनं प्रश्न येतो, "नंबर सांगा." अरे, बिलाला नंबर कशाला? नंबरासाठी गिऱ्हाईक अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे 2023 मध्येच दुकानदारांना कळवलंय. तरी उत्तर ठरलेलं, "सिस्टीम पुढं जात नाही." मग टाक की दहा वेळा नऊ, बघू कशी जात नाही!

हेच नंबर पुढं एक्सेलच्या यादीत दिसतात. नाव, पिनकोड, गाडीचं मॉडेल, कर्ज. जुनी यादी स्वस्त, ताजी महाग. एमएच 09 गाडीचा विमा कधी संपतो ते मालकाच्या आधी फोनवाल्याला ठाऊक. सरकारनंच 2019 ला वाहनांचा डेटा घाऊक विकायचं धोरण आणलेलं. 2020 ला गुंडाळलं, पण विकलेली फाईल परत येते व्हय?

सगळ्यात बेफिकिरी झेरॉक्सच्या दुकानात. आधार व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं, प्रिंट घ्यायची, निघायचं. पीडीएफ तिथल्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडून, शेजारी दुसऱ्यांची पॅनकार्डं, पासबुकं, सातबारे. ई-आधारला पासवर्ड असतो म्हणे! नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. हे काय गुपित झालं? त्यापेक्षा मास्क्ड आधार डाउनलोड करा, पहिले आठ आकडे झाकून येतात. प्रिंट झाली की फाईल समोर उडवायला लावा, रिसायकल बिनमधनं आणि चॅटमधनंसुद्धा. झेरॉक्सवर आडवं लिहा, कुणाला, कशासाठी, तारीख. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

अंगठ्याचंही तेच. दस्तावरचे ठसे उचलून, त्यांची नक्कल करून, आधार नंबर आणि अंगठ्यावर पैसे काढायच्या सोयीतनं खाती रिकामी केल्याची प्रकरणं देशात झालीत. तिथं ओटीपी लागतच नाही. आधारच्या अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा, रेशनला वगैरे लागेल तेवढ्यापुरतं उघडा.

आणि फोनवर फसलेल्याला "ओटीपी दिलाच कशाला?" म्हणणाऱ्यांची तर चीड येते. समोरचा नाव, शाखा, हप्त्याची रक्कम अचूक सांगतोय म्हटल्यावर माणसाला फोन बँकेचाच वाटणार. यादी फुटली कुठनं, हे कोण विचारतंय?

आपली माहिती जपायचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा, नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, दंड 250 कोटींपर्यंत. पण कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढं आणखी अठरा महिन्यांची मुदत! आपल्याला मात्र पैसे गेले की रक्कम तिसऱ्या-चौथ्या खात्यात सरकायच्या आत 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.